चित्रकलेची सुरुवात करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातली शाळा-कॉलेजची मुलं, त्यांचे पालक आणि नोकरी-शेती सांभाळून पेन्सिल हातात घेणारी मोठी माणसं मला जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही. तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. सर, माझा हातच चांगला नाही. तरी चित्रकला जमेल का?

जमेल. ज्या हाताने तुम्ही सही करता, सुईत दोरा ओवता, त्या हाताला पेन्सिल चालवायला वेगळं काही लागत नाही. अडचण बहुतेक वेळा बघण्यात असते. तांब्या म्हटलं की डोक्यात तांब्याचं एक ठरलेलं चित्र उभं राहतं आणि समोरचा तांब्या बाजूला राहून तेच कागदावर उतरतं. नवीन मुलं चित्र काढत असताना मी त्यांच्या मानेकडे बघतो. दहा मिनिटांत चार-पाच वेळाच मान वर होते, बाकी सगळा वेळ नजर कागदात. रेषा काढण्याआधी एकदा आणि काढून झाल्यावर एकदा वस्तूकडे बघायचं, एवढी एकच सवय लावा. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हीच गोष्ट वेगवेगळ्या कामांत येणार आहे.

2. सुरुवातीला सामान काय घ्यावं? आमच्या गावात आर्टचं दुकान नाही.

एचबी, 2बी आणि 6बी अशा तीन पेन्सिली, एक खोडरबर, ब्लेड आणि भरपूर पाठकोरे कागद. तालुक्याच्या स्टेशनरी दुकानात हे सगळं मिळतं. पेन्सिलीच्या कांडीत ग्रॅफाइट आणि माती यांचं मिश्रण असतं. माती जास्त असेल तर पेन्सिल कडक आणि फिकट होते, ती एच. ग्रॅफाइट जास्त असेल तर मऊ आणि काळी, ती बी. शार्पनरपेक्षा ब्लेडने टोक करा आणि कांडी सेंटिमीटरभर उघडी ठेवा, म्हणजे टोकाने रेषा आणि बाजूने छटा, दोन्ही कामं एका पेन्सिलीत होतात. कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, पूर्ण चित्रासाठी राखून ठेवा. त्याचा 11 बाय 15 इंचांचा तुकडा, म्हणजे क्वार्टर इम्पिरियल, सरावाला पुरेसा मोठा आहे.

बारा पेन्सिलींचा महागडा डबा आधी घेऊ नका. कोणती पेन्सिल कधी, या विचारातच पहिला महिना जातो.

3. चारकोल मिळत नाही. घरी करता येतो का?

येतो. चारकोल म्हणजे चित्र काढायच्या कोळशाच्या कांड्या, आणि आपल्याकडे त्यासाठी लागणाऱ्या काड्या शेताच्या बांधावरच पडलेल्या असतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वाळलेल्या तुराट्या किंवा पऱ्हाट्या घ्या. साल सोलून बोटभर लांबीचे तुकडे करा आणि झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात गच्च उभे भरा. झाकणाला खिळ्याने एक छिद्र पाडा आणि डबा चुलीतल्या विस्तवात ठेवा. छिद्रातून धूर निघत राहील. धूर थांबला की डबा बाहेर काढा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. घाईने झाकण काढलं की आतल्या तापलेल्या कांड्यांना हवा लागते, त्या पेटतात आणि हातात राख येते. हे काम उघड्या जागेत करा. मुलांनी मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करावं. पहिल्या खेपेला बऱ्याच कांड्या मोडतील किंवा आतून कच्च्या राहतील. दुसऱ्या खेपेला किती वेळ ठेवायचं याचा अंदाज येतो.

4. रेषा थरथरते. सरळ रेषा पट्टीशिवाय येतच नाही.

मनगट टेकवून लिहिल्यासारखी रेषा काढली की ती तीन-चार इंचांवर वाकते. लांब रेषा खांद्यातून काढायची असते. जुन्या वर्तमानपत्रावर वीतभर अंतराने दोन ठिपके द्या. पेन्सिल कागदाला न टेकवता एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर हात दोन-तीनदा फिरवा आणि मग नजर पोहोचायच्या ठिपक्यावर ठेवून एका दमात रेषा ओढा. बारीक बारीक तुकडे जोडून केलेली केसाळ रेषा टाळा. चुकलेली रेषा लगेच खोडू नका; तिच्या शेजारी बरोबर रेषा काढा आणि मगच पहिली पुसा. चुकीची रेषा दिसत असते तोवर किती चुकलं हे कळतं.

5. मी खाली मांडी घालून काढतो. चित्र नेहमी लांबट होतं. असं का?

कागद जमिनीवर सपाट असल्यामुळे. कागदाची वरची बाजू तुमच्या डोळ्यांपासून लांब असते, त्यामुळे तिथे काढलेलं तुम्हाला आखूड दिसतं आणि हात नकळत ते ताणून मोठं करतो. उठून उभं राहून बघितलं की घागरीची मान उंटासारखी झालेली दिसते. प्लायवूडचा तुकडा किंवा जुन्या पाटीला क्लिपा लावून बोर्ड करा. त्याची खालची कड मांडीवर आणि मागची बाजू उशीवर किंवा पाटावर टेकवा, म्हणजे कागद नजरेला समोरासमोर येईल. मला स्वतःला ही गोष्ट शाळेत कुणी सांगितली नाही. दोन वर्षं लांबट चित्रांबद्दल बोलणी खाल्ली, आणि तो राग अजून मनात आहे, कारण ही दुरुस्ती एका मिनिटाची होती.

6. पेन्सिल हातात धरून, एक डोळा मिटून नेमकं काय मोजतात?

प्रमाण. किती सेंटिमीटर याला इथे काही अर्थ नाही. उंचीत रुंदी किती वेळा बसते, एवढंच शोधायचं. हात कोपरात न वाकवता पूर्ण समोर ताणा, एक डोळा मिटा, पेन्सिल आडवी धरून तांब्याच्या पोटाची रुंदी टोक आणि अंगठा यांच्यात पकडा. अंगठा न हलवता पेन्सिल उभी करा आणि तीच लांबी उंचीत किती वेळा जाते ते बघा. समजा सव्वा वेळा गेली. आता कागदावर उंची तुम्हाला हवी तेवढी घ्या आणि रुंदी त्या हिशेबाने ठरवा.

सगळ्यात जास्त चूक कोपराची होते. पहिलं माप ताणलेल्या हाताने आणि दुसरं वाकलेल्या हाताने घेतलं की दोन्ही मापं निरुपयोगी. उभ्या रेषेसाठी गवंड्याचा ओळंबा आठवा: दोऱ्याला खिळा बांधून समोर धरा. दाराची चौकट, कंदिलाची दांडी, माणसाच्या कानाखाली त्याची टाच येते की नाही, हे त्या दोऱ्यावरून लगेच तपासता येतं.

7. तांब्याचं तोंड आणि बूड नीट येत नाही. तोंड माशासारखं टोकदार होतं आणि बूड सपाट.

मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एक रिकामा तांब्या घ्या आणि डोळ्यांच्या बरोबर समोर धरा, इतका की काठ एका आडव्या रेषेसारखा दिसेल. आता तो हळूहळू खाली न्या. काठाची रेषा उघडायला लागते: आधी चिंचोळी, मग रुंद, आणि तांब्या जमिनीवर ठेवून वरून वाकून बघितलं की पूर्ण वर्तुळ. म्हणजे गोल काठ डोळ्याच्या पातळीपासून जितका खाली जाईल तितका जास्त उघडा दिसतो. यातूनच बुडाचं उत्तर मिळतं. बूड तोंडापेक्षा खाली आहे, म्हणून त्याचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा आकाराच्या मानाने अधिक उघडा हवा. मुलं बुडाला सपाट रेषा देतात, कारण तांब्या जमिनीवर सपाट बसलेला असतो हे त्यांना माहीत असतं. माहीत असलेलं आणि दिसणारं यांचा झगडा इथे समोरासमोर दिसतो.

टोकदारपणाबद्दल: लंबगोलाला कोपरे नसतात. डावी-उजवी टोकं कितीही चिंचोळी असली तरी तिथे रेषा वळते, मोडत नाही. दोन कंस जोडून लंबगोल करू नका. हात गोल फिरवत दोन-तीन फेऱ्यांत हलका लंबगोल काढा. आधी मधोमध उभा अक्ष आखा आणि प्रत्येक लंबगोल त्या अक्षाला काटकोनात आडवा बसवा. तपासायला पारदर्शक बटर पेपर ठेवून अर्धा तांब्या छापा आणि अक्षावर घडी घाला. डावी बाजू उजवीवर बसली नाही तर कुठे बसली नाही ते नेमकं दिसेल.

काठाची जाडीही विसरू नका. तांब्याचा काठ बाहेर वळलेला असतो, म्हणून तिथे दोन लंबगोल असतात, आणि पुढच्या बाजूला त्यांच्यातलं अंतर बाजूंपेक्षा वेगळं दिसतं. किती वेगळं, हे समोरच्या तांब्याकडे बघून ठरवा.

एकच तांब्या, वीस दिवस, रोज वेगळ्या उंचीवर ठेवून. मग माठ, बादली, बैलगाडीचं चाक, विहिरीचा कठडा आणि पातेल्याचं झाकण हे सगळं या एकाच अभ्यासातून येतं.

8. पर्स्पेक्टिव्हमध्ये लोपबिंदू कुठे द्यायचा हे कसं कळणार?

तुमच्या डोळ्याच्या पातळीवर. पर्स्पेक्टिव्ह म्हणजे लांबचं लहान दिसेल अशी रचना, आणि लोपबिंदू म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर कडा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू. तो ज्या आडव्या रेषेवर येतो ती क्षितिजरेषा, म्हणजे तुमच्या डोळ्याची उंची. तुम्ही बसलात की ती खाली येते, माळवदावर चढलात की ती तुमच्याबरोबर वर येते.

छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याचं उदाहरण घेऊ. बागेतल्या मधल्या वाटेवर उभं राहिलं की वाटेच्या आणि पाण्याच्या हौदांच्या कडा दूर जाऊन एका बिंदूत मिळताना दिसतात. इमारत भव्य आणि घुमट लक्ष वेधून घेणारा, त्यामुळे सहलीला आलेली मुलं तो बिंदू घुमटावर नेतात. मग वाट जमिनीवरून उठून भिंतीसारखी उभी राहते. मकबरा उंच चौथऱ्यावर आहे आणि तुमचे डोळे जमिनीपासून जेमतेम पाच फुटांवर. म्हणून लोपबिंदू चौथऱ्याच्याच खालच्या भागात पडतो. तिथे जाऊन डोळ्यासमोर पट्टी आडवी धरा. ती जिथे इमारतीला छेदते ती तुमची क्षितिजरेषा.

घराची किंवा वाड्याची कोपऱ्यातून दिसणारी बाजू काढताना दोन लोपबिंदू लागतात, पण दोन्ही याच रेषेवर. बरेचदा ते कागदाबाहेर जातात. ते ओढूनताणून कागदात बसवले की वाडा काडेपेटीसारखा टोकेरी होतो. अशा वेळी जमिनीवर कागद पसरून दोरा ताणा किंवा कडांचे उतार प्रश्न 6 मधल्या पेन्सिलीने तपासा.

9. शेडिंग करताना बोटाने घासलं तर चालतं का? माझं चित्र मळकट दिसतं.

पहिलं वर्षभर घासू नका. घासल्यामुळे सगळ्या छटा मधल्या राखाडीत मिसळतात आणि प्रकाश कुठून येतो हेच पुसलं जातं. आधी एका बाजूने प्रकाश येईल असा माठ ठेवा. मातीचा माठ चमकत नाही, म्हणून शिकायला तो पितळेच्या भांड्यापेक्षा सोपा. डोळे किलकिले करून बघा. उजेडाचा भाग आणि अंधाराचा भाग असे दोनच तुकडे दिसतील. त्यांची सीमा आखा आणि अंधाराचा पूर्ण भाग एका सपाट छटेने भरा. मग त्यात बारकावे: सीमेलगतचा सर्वांत गडद पट्टा, कडेला जमिनीवरून उसळलेला फिका उजेड आणि जमिनीवरची पडछाया. तो उसळलेला उजेड कितीही फिका वाटला तरी प्रकाशाच्या बाजूपेक्षा गडदच ठेवा. तो जास्त पांढरा केला की माठ पत्र्याचा वाटतो.

10. उत्तरेच्या खिडकीत वस्तू ठेवावी असं सांगतात. आमच्या खिडकीत उन्हाळ्यात ऊन येतं. चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. उत्तरेच्या खिडकीचा सल्ला थंड देशांतून आला आहे. तिथे सूर्य दुपारी कायम दक्षिणेला असतो, त्यामुळे दुपारी उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही. मराठवाडा साधारण साडेसतरा ते साडेवीस अंश उत्तर अक्षांशात येतो. आपल्याकडे मेच्या मध्यानंतर सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या अखेरीस परत येतो. त्या काळात खिडकीला पांढरा पातळ कपडा लावा किंवा रात्री एकच बल्ब एका बाजूला ठेवून काम करा. खोलीतले दोन दिवे एकदम नकोत, कारण दोन पडछाया नवीन माणसाला गोंधळात टाकतात.

11. फोटोवरून किंवा चौकटी पाडून काढलं तर चालेल का?

चौकटी चित्र लहानाचं मोठं करायला आहेत. त्यांनी बघायला शिकता येत नाही, कारण मोजणं तुमच्याऐवजी चौकट करते. फोटोची अडचण वेगळी आहे: फोन जवळ धरला की पुढची वस्तू फुगते, नाक मोठं आणि कान लहान होतात. आठवड्यातले पाच दिवस समोरची वस्तू आणि एखादा दिवस फोटो, असं ठेवा. आजारपणामुळे किंवा कामामुळे बाहेर पडताच येत नसेल, तर स्वतःचा डावा हात हे कायम हजर असलेलं मॉडेल आहे.

12. दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करणं चुकीचं आहे का?

शिकण्यासाठी केलेली नक्कल चुकीची नाही. ती स्वतःची म्हणून दाखवणं चुकीचं. आपल्याच भागातलं उदाहरण आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला घेतल्या, आणि त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रतिकृती केल्या. त्या विद्यार्थ्यांचे हात तिथे भिंतीसमोर तयार झाले.

नक्कल करायची तर मूळ चित्राची करा, फोनवर फिरणाऱ्या नकलेची नको. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक 1 मधल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचा कमळ धरलेला हात घ्या. आधी तो बघून काढा. मग स्वतः एक फूल तसंच धरा आणि आपला हात काढा. अजिंठ्याच्या चित्रकाराने बोटांत काय वाढवलं आणि काय सोडलं, ते दोन कागद शेजारी ठेवल्यावर दिसतं. खाली "अजिंठ्यावरून" असं जरूर लिहा.

13. माणसं काढायला मॉडेल कुठून आणू?

एसटी स्टँडवर जा. माणूस गाडीची वाट बघत असतो तेव्हा दहा-पंधरा मिनिटं एका बैठकीत बसतो. आठवडी बाजारात भाजी घेऊन बसलेल्या मावशी त्याहून जास्त वेळ बसतात. चेहऱ्यापासून सुरू करू नका. पाठीचा कणा, खांदे आणि कमरेचा कल या तीन रेषा आधी. उभा माणूस त्याच्या डोक्याच्या सात ते साडेसात पट उंच असतो, लहान मुलं कमी. डोळे डोक्याच्या साधारण निम्म्या उंचीवर असतात. केस धरून मोजलं नाही की ते फार वर जातात. पण उकिडवं बसलेल्या माणसाला ही पटीची मोजणी लावू नका, तिथे प्रश्न 6 ची रीत वापरा.

जवळ बसून काढणार असाल तर विचारा. "मामा, तुमचं चित्र काढू का?" म्हटलं की बहुतेक जण फेटा सावरून बसतात. नाही म्हणाले तर वही मिटायची.

14. स्मरणचित्रासाठी दोन-तीन चित्रं पाठ करून ठेवली तर?

स्मरणचित्र म्हणजे आठवणीतून काढायचं चित्र. पाठ केलेलं बाजाराचं चित्र ओळखू येतं: सगळी माणसं बाजूने दिसणारी आणि मागे दोन त्रिकोणी डोंगर. त्याऐवजी बाजारात जाऊन वही न उघडता दहा मिनिटं बघा, घरी येऊन काढा, आणि पुढच्या बाजाराला तेच चित्र घेऊन परत जा. तराजू कोणत्या हातात धरतात? पालाची दोरी कशाला बांधलेली असते? गाडीच्या चाकाला आरे किती? चित्रात जिथे अडलात तेच बघायचं राहून गेलेलं असतं.

15. मुलगी आठवीत आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट द्यावी का? पुढे काय?

द्यावी. राज्याच्या कला संचालनालयाच्या या चित्रकलेच्या परीक्षा आहेत. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (म्हणजे डिझाइन) आणि कर्तव्यभूमिती (म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढणं)-अक्षरलेखन असतं. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र (मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या समूहाचं चित्र) येतं आणि घनभूमिती वाढते. इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात: ए ला 7, बी ला 5, सी ला 3. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीचा शाळेतून पक्का करून घ्या. बारावीनंतर दृश्यकलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, आहे. तीही वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञानाची. सरकारी चित्रकला महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरलाच आहे, त्यासाठी मुंबई गाठावीच लागते असं नाही.

पालकांना एक विनंती. गुण आले की पेन्सिल काढून घेऊ नका. दहावीचं वर्ष सुरू झालं म्हणून वही बंद झालेल्या चांगल्या मुली मी फार बघितल्या आहेत.

16. मी डावखुरा आहे. काही वेगळं करावं लागेल का?

प्रकाश उजवीकडून घ्या, म्हणजे हाताची सावली कागदावर पडणार नाही. छटा उजवीकडून डावीकडे भरत जा आणि हाताखाली कोरा कागद ठेवा. बाकी सगळं तेच.

17. चित्र चुकलंय हे कळतं, पण कुठे ते कळत नाही.

चित्र वस्तूच्या शेजारी उभं करा आणि दहा पावलं मागे जा. मग चित्र उलटं करून बघा, आरशात बघा. नेहमीची ओळख मोडली की कललेला अक्ष लगेच दिसतो. तरी सापडलं नाही तर वस्तूंच्या मधली रिकामी जागा तपासा: माठ आणि कंदील यांच्यामध्ये जो भिंतीचा तुकडा दिसतो, त्याचा आकार चित्रात तसाच आहे का? त्या तुकड्याला नाव नसतं, म्हणून डोक्यात त्याचं ठरलेलं चित्रही नसतं.

18. वेरूळला स्केचिंगला जायचंय. कैलास लेणं काढायला किती वेळ लागेल?

पहिल्या भेटीत पूर्ण कैलास काढायचा बेत करू नका. कैलास म्हणजे लेणे क्रमांक 16, आणि ते डोंगराच्या माथ्याकडून खाली खोदत आणलेलं आहे. एका जागी बसून त्याचा पसारा नजरेतही मावत नाही. अंगणातला एक ध्वजस्तंभ घ्या, किंवा सोंड तुटलेला दगडी हत्ती. हत्तीच्या पायांमधली रिकामी जागा आधी काढा (प्रश्न 17) आणि मग पोटाची रेषा. लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपार कलली की समोरून ऊन येतं आणि कोरीव कामाच्या सावल्या स्पष्ट होतात. सकाळी पोहोचलात तर आधी इतर लेण्यांचे खांब काढा. पाण्याची बाटली आणि बसायला सतरंजी सोबत असू द्या. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी.